उभ्या गाडीतला डायनॅमो

मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडलेत की इंजिनाला बिलगून बसलेला, पट्ट्यावर फिरणारा जो गोलमटोल ऐवज दिसतो, तो मी. मी एक जुना डायनॅमो आहे. पुस्तकात मला अल्टरनेटर म्हणतात, पण गॅरेजमध्ये ते नाव कोणाच्या तोंडी बसत नाही. इंजिन पट्टा फिरवते, पट्टा मला फिरवतो आणि मी वीज तयार करतो. बॅटरी ती नुसती साठवते. तरी गाडी अडली की सगळे बॅटरीची विचारपूस करतात, माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. याचा मला पूर्वी फार राग येई. आता थोडासाच येतो.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, पाठीवर माझ्या ताकदीचा आकडा ठोकला आणि मला एका छोट्या व्हॅनमध्ये बसवले. ती व्हॅन दुकानोदुकानी पाव पोहोचवायची. पुढचे दिवे, हॉर्न आणि वायपर एवढाच माझा संसार. तो मी हसतखेळत चालवला.

पुढे ती व्हॅन एका बाईंनी घेतली. मुले त्यांना गाडीमावशी म्हणत. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलांना त्या शाळेत नेत-आणत. त्यासाठी गाडीच्या मागे विजेची लिफ्ट बसली. मग उकडते म्हणून पंखे आले, अंधार वाटतो म्हणून दिवे आले, खुर्च्यांसाठी चार्जर आला. दर वेळी कोणीतरी म्हणायचे, "एवढ्याशाने काय होतंय?" मला कोणी विचारले नाही. मीही हट्टी. कंबर कसली आणि फिरत राहिलो.

एके सकाळी शाळेच्या फाटकाशी लिफ्ट अर्ध्यावरच थांबली. वर अडकली होती बडबडी. तिला सगळे त्याच नावाने हाक मारत.

"मावशी, वर्ग इथेच भरवू या का?" तिने वरून विचारले. मुले खो खो हसली. मावशींनी हाताने पंप मारून तिला खाली उतरवले.

वायरिंगवाल्या काकांनी बॅटरी बदलली. लिफ्ट पुन्हा अडकली. आणखी एक बॅटरी आली, तिचीही तीच गत. तेव्हा मात्र शाळेच्या मोठ्या बाई फाटकाशी आल्या. "आता पुन्हा पोर अशी टांगली गेली, तर ही फेरी बंद. माझा नाइलाज आहे."

बडबडीच्या वस्तीत लिफ्टवाली दुसरी गाडी येतच नव्हती. फेरी बंद म्हणजे तिची शाळा बंद. त्या दिवशी घर येईपर्यंत ती दप्तर कवटाळून बसली. मला ते सहन होईना.

मावशींनी गाडी तडक काकांकडे आणली.

"ताई, गाडी सुरू झाली की समोरचा बॅटरीचा लाल दिवा विझतोय ना? मग चार्जिंग होतंय. डायनॅमो ठीक आहे," काका म्हणाले.

ही समजूत गॅरेजमध्ये अगदी पक्की बसलेली असते. दिवा विझला म्हणजे मी वीज बनवतो आहे, एवढेच. ती पुरते की नाही, हे त्या दिव्याला काय कळणार?

"काका, तुम्ही गाडी पळवून बघता," मावशी म्हणाल्या. "माझी गाडी उभी राहून राबते. लिफ्ट काय पळत्या गाडीत लावते मी?"

काकांनी डोके खाजवले. "हे बाकी खरं. चला, उभ्यानेच बघू."

इंजिन मंद ठेवले. पंखे, दिवे, चार्जर, लिफ्ट, सगळे सुरू केले. मी दातओठ खाऊन फिरलो. पण पाठीवरचा तो आकडा जोरात पळणाऱ्या इंजिनाचा असतो. मंद इंजिनावर माझ्याच्याने त्याच्या निम्मेही होईना. मीटरचा काटा घसरत गेला.

"खर्च ढीगभर, कमाई चिमूटभर!" काका ओरडले. "आता ट्रकचाच डायनॅमो ठोकतो. कटकट मिटेल."

"आणि त्याला फिरवणार कोण? हे एवढंसं इंजिन?"

मग दोघे पायरीवर बसले. कोणती वस्तू किती वीज खाते, त्यातल्या कोणत्या गाडी उभी असताना लागतात, याची त्यांनी बेरीज केली. वर थोडी ताकद हाताशी ठेवली. मंद इंजिनावरही तेवढी वीज देईल आणि माझ्या जागेत मावेल, असा डायनॅमो काकांनी शोधून आणला.

माझे नटबोल्ट सुटले तेव्हा मला वाईट वाटले. खूप वाटले. पण मी मनाशी पक्के केले, बडबडीची शाळा माझ्या मानापेक्षा मोठी आहे.

नवा डायनॅमो बसला तेव्हा बडबडीला तिचे बाबा मुद्दाम गॅरेजमध्ये घेऊन आले होते. सगळे चालू असताना लिफ्ट न अडखळता वर गेली, खाली आली.

"अजून एकदा!"

"अगं, पाळणा आहे का हा?" काका हसले. मावशींनी पदराने डोळे पुसले.

मग काकांनी मला उचलले. "हा बिचारा धडधाकट आहे, ताई. उगाच बदनाम केला." त्यांनी मला एका लहानशा मोटारीत बसवले. तिथे माझे छान चालले आहे.

मित्रांनो, नवी वस्तू जोडण्याआधी तिचे ओझे कोण उचलणार, हे नक्की बघा. आणि कोणी दमून थांबला, तर त्याला कुचकामी म्हणू नका. आधी त्याच्या पाठीवर काय काय लादले आहे, ते मोजा.