पारंपरिक मॅडम

उमादेवी नाकावर राग घेऊनच जन्मली, असं तिच्या माहेरची माणसं अजून सांगतात. पण रेडिओवर तो राग कधी कुणाला ऐकू आला नाही. मुरुम गावचं ते रेडिओ केंद्र केवढंसं, एका संस्थेनं चालवलेलं, आसपासच्या गावांपुरतंच ऐकू येणारं. तिथं सकाळचा कार्यक्रम उमादेवीचा. पंचमीच्या फेराची गाणी, बारशाची, खुरपताना म्हणायची, अर्धी मराठी अन् अर्धी कानडी, अशी शेकडो गाणी तिनं गावोगाव हिंडून बायकांच्या तोंडून रेकॉर्ड केली होती. ती लावायची, मधे दोन शब्द बोलायची. लोक रेडिओ लाव म्हणत नसत, उमक्का लाव म्हणत.

दिवाळी झाली अन् संस्थेचे सचिव कृष्णराज यांनी कुठल्याशा कंपनीकडून सॉफ्टवेअर आणलं. माणूस तसा वाईट नाही हो, पण नवी वस्तू दिसली की हरखून जाणारा. गाणी एकदा आत भरली की कुठलं कशानंतर वाजवायचं, जाहिरात कधी घालायची, हे ते यंत्रच ठरवणार. खुर्चीत कुणी बसायचीच गरज नाही. उमादेवीनं येऊन हवामान तेवढं सांगावं आणि घरी जावं. तिनं ते ऐकून घेतलं आणि घरी जाऊन भांडी आपटली. नवऱ्यानं कारण विचारलं नाही. त्याला अनुभव होता.

खुर्ची गेल्याचा राग चार दिवसांत निवलाही असता. पण तिच्या लक्षात आलं की बायकांचं सकाळी एक गाणं वाजतं, आणि मग दिवसभर नुसती सिनेमाची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आलूरच्या शरणम्मांचा फोन आला. केंद्रात सगळ्यात जास्त गाणी या म्हातारीची. आमच्या हातनं काय चुकलं का गं, म्हणून तिनं विचारलं, रेडिओतनं आमाला काढून टाकलं का? उमादेवीनं तडक कंपनीला फोन लावला.

कंपनीचा माणूस गोड बोलणारा होता. म्हणाला, एका गायिकेचं गाणं दिवसातून एकदाच, असा नियम तुमच्या सरांनीच लावून घेतलाय, ऐकणारे कंटाळतात ना.

"अन् मॅडम," तो पुढं म्हणाला, "या तुमच्या पारंपरिक मॅडमची गाणी फारच आहेत. यांचं जरा कमी करा."

उमादेवीला आधी हसू आलं, आणि मग काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं. रेकॉर्डिंगच्या वेळी नाव विचारलं की बायका पदर तोंडाला लावायच्या. नाव कशाला, गाणं काय माझं हाय? सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. म्हणून केंद्रातल्या सगळ्यांनीच गायिकेच्या जागी 'पारंपरिक' लिहायची रीत पाडली होती, मानानंच पाडली होती. आता त्या यंत्राच्या लेखी इतक्या गावांतल्या इतक्या बायका मिळून एकच बाई झाली होती, आणि तिला दिवसातून एकदा तोंड उघडायची परवानगी होती.

ती कृष्णराजांकडं गेली. नियम काढा म्हणाली. ते म्हणाले, बघू, येळवस होऊन जाऊ द्या. अहो, येळवशीसाठी, मार्गशीर्षातल्या त्या वेळ अमावास्येसाठीच तर तिचा जीव तुटत होता! त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळं घरदार शेतात, कडब्याच्या कोपीत पांडव पुजायचे, भज्जी-आंबिल खायची, आणि झाडाच्या फांदीला मोबाईल अडकवून रेडिओ लावायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत फक्त बायकांची गाणी, हे केंद्र सुरू झालं तेव्हापासून चालत आलेलं.

कृष्णराज हसले. "अहो उमाताई, एक वाजलं काय अन् पन्नास वाजली काय, सगळी सारखीच तर असतात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती हात जोडून निघून आली, आणि उमादेवीनं हात जोडले की समजावं, आता काही खरं नाही.

येळवशीच्या सकाळी तिनं नवऱ्याला डबे देऊन शेतात धाडलं आणि स्वतः केंद्रावर आली. यंत्र बंद केलं. खुर्चीत बसली, माईकचा खटका वर केला.

"आज मशीनला येळवशीची सुट्टी हाय," ती म्हणाली. "आमचे सचिव म्हणतेत, तुमची गाणी सगळी सारखीच. मंग आज आपण बघूच. बायांनो, शेतातनं फोन करा अन् गाणं म्हणा. पण आधी सोताचं नाव सांगा. अमक्याची बायको अन् तमक्याची आई चालायची न्हाय."

पहिला फोन केसरजवळग्याहून आला, मागं पाचसात जणींची खिदळ. बाईनं शिवगंगा हे नाव इतकं हळू सांगितलं की दोनदा विचारावं लागलं. गायला लागली तेव्हा मात्र आवाज खणखणीत. गाणं संपल्यावर ती थांबली, आणि कुणी न विचारता पुन्हा एकदा आपलं नाव सांगितलं, या खेपेला मोठ्यानं. त्यानंतर फोन ठेवायला उसंत मिळाली नाही. एकेक गाणं झालं की उमादेवी केंद्राच्या यादीत त्या गाण्यापुढचं 'पारंपरिक' पुसून टाकायची आणि बाईचं नाव लिहायची.

फोनवर शरणम्मांनी पहिलं कडवं संपवलं न संपवलं तोच दार उघडलं. कृष्णराज शेतातून जेवणावरून उठून आले होते, हाताला आंबिलाचा वास. उमादेवीचा हात माईक बंद करायला खटक्यावर गेला, पण खटका तिनं वरच राहू दिला.

"कुणाला विचारून चाललंय हे?" ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नका तुम्ही."

अख्ख्या शिवारानं ते ऐकलं. फांद्याफांद्यांवरून ऐकलं. कृष्णराजांना माईकचा लाल दिवा दिसला तेव्हा उशीर झाला होता. फोनवर शरणम्मा अजून होत्याच.

"येन्री, काय हो सायेब," म्हातारी शांतपणे म्हणाली, "म्या आलूरची शरणम्मा बोलायले. उमा उद्या न्हाय, तर आमची गाणी परत द्या. एक बी ठिऊ नका. सारखीच हायत म्हणता, मंग कुणाची कुठली ते तुमाला काय कळायचं? उद्या आमी सगळ्याजणी येतो. आपापलं वळखून घिऊन जातो."

टेबलावरचा दुसरा फोन वाजायला लागला, मग कृष्णराजांच्या खिशातलाही. उमादेवीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती माईकजवळ सरकली.

"आव्वा," ती म्हणाली, "तुमचं दुसरं कडवं राह्यलंय."

शरणम्मांनी घसा साफ केला आणि सूर धरला.