डोक्याला डोकं

सुनेनं सासूच्या केसांतून फणी ओढली आणि मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलवर झटकली. चांगल्या धडधाकट उवा पडल्या.

"इतक्या वर्षांत या घरात कुणाच्या डोक्यात ऊ म्हणून नव्हती," सासू मान खाली घालूनच म्हणाली. "आता वर्ष होत नाही तोच..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. नवऱ्याचं हे दुसरं लग्न, आणि त्यालाच अजून वर्ष व्हायचं होतं. सकाळी शाळेनं त्याच्या पहिल्या बायकोच्या मुलीला उवांपायी घरी पाठवल्यापासून सासूचं हेच चाललं होतं. नवरा खिडकीपाशी डोकं खाजवत मूग गिळून बसला होता. बायकोच्या बाजूनं एक शब्द बोलला असता तर त्याची जीभ झडली नसती.

सून औषधाच्या दुकानात कामाला होती. उवांचं औषध तिनंच आणलं, सगळ्यांची डोकी तिनंच विंचरली. मुलीच्या कानामागे लिखाच लिखा, नवऱ्याच्या विरळ केसांतसुद्धा. आणि खापर फुटायचं ते तिच्याच माथी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, ऊ उडत नाही, उड्याही मारत नाही. डोक्याला डोकं लागतं तेव्हा ती इकडची तिकडे जाते. पोरी बाकावर चिकटून बसतात. मग ही तुमच्या कुशीत झोपते, बाबाच्या गळ्यात पडते. यात माझा काय संबंध?"

"ते तुझं डोकं बघितल्यावर कळेल."

"बघाच. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

अंबाडा सोडून ती सासूपुढे जमिनीवर बसली. सासूनं मांडीवर दुसरा टॉवेल पसरला आणि अशी फणी ओढली की कातडं सोलून निघावं. टॉवेल कोरा. सासूनं कानामागे पाहिलं, मानेवर पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टॉवेल कोराच.

"सापडली एक तरी?" सुनेनं विचारलं. महिनाभर पुरेल एवढं तिला ऐकवायचं होतं.

मुलगी टॉवेलवर वाकून बघत होती.

"आज्जीला आहेत, बाबांना आहेत, मला आहेत," ती म्हणाली. "मावशीलाच नाहीत."

सुनेची नजर कोऱ्या टॉवेलवर गेली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला होता. सासूही मुलाकडेच बघत होती. मग तिनं फणी पुन्हा सुनेच्या केसांत घातली, पण आता हलक्या हातानं.

सुनेला आणखीच राग आला. एवढा की डोळे भरून आले.

"पुरे. काही नाहीये तिथं."

"माहितेय," सासू म्हणाली, आणि विंचरत राहिली.