निळ्या पडद्यातली गावं

रेश्माला त्या गाढवाची आठवण नेमकी कशानं झाली, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. मे महिन्याची दुपार होती. बारामतीच्या एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात सकाळची पाळी करून ती घरी आली, जेवली आणि कूलरसमोर जरा लवंडली. शेजारी तिची मुलगी छकुली मोबाइलवर कार्टून बघत पालथी पडली होती. कूलरच्या पाण्याचा टपटप आवाज, मोबाइलमधली बारीक किणकिण आणि पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक तिरीप. डोळा लागता लागता रेश्माला बर्फ दिसला. पांढऱ्याशुभ्र रानातून एक करड्या रंगाचं गाढव चाललं होतं. त्याच्या पाठीवर लोखंडी चूल होती, चूल पेटलेली होती आणि तिच्या नळकांड्यातून धुराची रेघ निघून आभाळात मिसळत होती.

"धुराजी," ती झोपेतच म्हणाली.

"कोण धुराजी?" छकुलीनं विचारलं.

मग रेश्मा उठूनच बसली.

लहानपणी रेश्मा आणि तिचा धाकटा भाऊ सूरज सुट्टी लागली की वडगाव निंबाळकरहून एसटीनं निमगाव केतकीला मामाकडं जायचे. रामहरीमामांकडं तेव्हा व्हिडिओ होता. गणपतीत, बारशा-जागरणाला ते तो भाड्यानं द्यायचे. पुढं गावात केबल आली, तो धंदा बसला आणि मशीन घरातच राहिलं. सोबत दहा-बारा कॅसेटी. बहुतेक झिजून गेलेल्या. एकच धड होती आणि तिच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या देशातलं कार्टून होतं ते. भाषा अशी, की त्यातला एक शब्द कुणाला कळत नव्हता. मग मामा आवाज बंद करायचे आणि स्वतः सांगायचे.

गाढवाचं नाव धुराजी हे मामांनीच सांगितलं होतं. धुराजी गावोगाव ऊब वाटत चालला होता. एका गावात इतकी थंडी होती, की माणसं बोलली की शब्दांची वाफ व्हायची आणि पोरं ती वाफ ओंजळीत धरून आयांकडं न्यायची, "हे बघ, आबा काय म्हणाले." एका गावात खोल विहीर होती, तिच्यात लोकांनी उन्हाळा साठवून ठेवला होता, पोहरा टाकला की पिवळंधमक ऊन वर यायचं. आणि मग वाऱ्याची बाई. हिरव्या चोळीची, मैलभर लांब केसांची. केस बाभळीच्या फांद्यांना बांधून ती झोके घ्यायची. तिनं एका रात्री धुराजीचा विस्तव पळवला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी छकुलीला त्यातलं थोडं थोडं सांगायचं, असं ठरूनच गेलं. पोळ्या लाटता लाटता रेश्मा सांगायची आणि आपल्याला एवढं सगळं आठवतंय याचं तिला नवल वाटायचं. आठवत नव्हतंच ते, दिसत होतं. चोळीचा हिरवा रंग दिसत होता. विहिरीच्या काठावर सांडलेलं ऊन दिसत होतं.

"आई, मला बघायचाच आहे तो पिक्चर," छकुली म्हणाली.

शोधायला फार दिवस गेले. गाढव, चूल, बर्फ असं काय काय मोबाइलवर घालून दोघी रोज बघायच्या. भलतंच काही तरी पुढं यायचं. आणि एका रविवारी, शोध जवळजवळ सोडून दिल्यावर, नखाएवढ्या चित्रात तो दिसला. करडं गाढव, पाठीवर चूल. कुणी तरी हौशी माणसानं जुनी रिळं जमवून नेटवर टाकली होती. रेश्मानं नवऱ्याला, रविराजला, हाक मारली, टीव्हीला मोबाइल जोडायला लावला, खिडकीचा पडदा ओढून घेतला.

गाढव चालायला लागलं. बर्फ पडत होता. एक पूल आला, गाढव पुलावरून पलीकडं गेलं. एक घर आलं. दारात म्हातारी उभी होती. गाढव आत गेलं, खिडकीत दिवा लागला आणि पडद्यावर नावं सरकायला लागली.

"संपलं?" रविराजनं विचारलं.

पुरती बारा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"छान आहे," छकुली म्हणाली. "पण आई, वाऱ्याची बाई कुठंय?"

रेश्मानं पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. गाव नव्हतं, विहीर नव्हती, बाभळी नव्हत्या. असं वाटत होतं, की आपण जिथं वाढलो त्या गल्लीत जावं आणि तिथं गल्लीच नसावी. बोलावं कुणाशी? तिनं सूरजला फोन लावला. तो वडगावातच असतो, ऊस आणि सहा गाई सांभाळतो.

"सूरज, धुराजी आठवतोय का रं?"

पलीकडं सूरज हसला. "आयला ताई! चूल घेऊन चाललेला!"

"आणि वाऱ्याची बाई?"

"बाई कुठली? बुवा होता तो. मिशीवाला. मिशा झाडाला बांधायचा."

"बाई होती. हिरवी चोळी होती तिची."

"ताई, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय त्याला."

"मी पण बघितलंय. आणि आत्ता मोबाइलवर तो पिक्चर सापडल्यावर कळतंय, की त्यात दोघंही न्हाईत."

सूरज म्हणाला, "मामांकडं जाऊ या का? लई दिस झालं, गेलोच न्हाय."

पुढच्या रविवारी तिघं सूरजच्या गाडीतून निघाले. रविराजला सुट्टी नव्हती. लासुर्णे गेलं, जंक्शन नावाचं गाव गेलं. रस्त्यावर उन्हाचं पाणी झालेलं, दूरवरचा ट्रक त्या पाण्यातून तरंगत यायचा आणि जवळ आला की खरा व्हायचा. कालव्याच्या कडेनं ऊस निश्चल उभा होता. रेश्मा खिडकीला डोकं टेकून बघत होती. सूरजनं तिला विचारलं, "झोपलीस का?" ती नाही म्हणाली, पण जागीही नव्हती.

मामा ओसरीवर खाटेवर बसले होते. वय झालं होतं, हातात काठी आली होती, पण आवाज तोच खर्जातला. बनाबाईमामीनं पाणी दिलं, छकुलीच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. जेवणं झाली. मग रेश्मानं मोबाइल मामांच्या हातात दिला आणि धुराजी लावला.

मामांनी मोबाइल लांब धरून, मान तिरकी करून सगळं बघितलं.

"गाढव हाय की," ते म्हणाले. "कुणाचं?"

"मामा, तुमचंच! तुमच्याकडच्या कॅसेटमधलं. तुमीच सांगायचा न्हाय का आमाला? वाफेचं गाव, उन्हाची विहीर…"

"मी?" मामा खरोखरच चकित झाले. "मी आसलं सांगायचो?"

"व्हय. आवाज बंद करायचा आन् मधीच पॉज दाबायचा."

"पॉजचं आठवतंय. पॉज दाबला की चित्र थरथरायचं आन् मधनं पांढरी रेघ यायची. लई येळ ठेवलं की मशीन आपोआप बंद पडायचं. आतल्या हेडला टेपचा घासरा बसायचा ना." मामांना मशीनचं सगळं आठवत होतं, कुठल्या गावच्या जागरणात त्याची वायर उंदरानं कुरतडली तेही. धुराजी मात्र त्यांच्या डोक्यातून साफ पुसून गेला होता. ते ओशाळल्यासारखे हसले. "पोरी, काय तरी बोलत आसंन मी. कोण ध्यानात ठेवतंय."

इतक्या लांब येऊन रेश्मानं ज्याच्याकडं मागितलं, त्याच्याकडं ते नव्हतंच. तिला आता एक गोष्ट मात्र लख्ख आठवली. मशीन बंद पडलं की पडदा निळा व्हायचा. नुसता निळा. दारं लावलेल्या त्या खोलीत भिंती, भांडी, पोरांची तोंडं, सगळं निळं व्हायचं आणि मामा डोळे मिटून बोलत राहायचे. तिनं बघितलेलं सगळं त्या निळ्यात होतं.

"तुमी कशाला ध्यानात ठेवताय," आतल्या दारातून मामी म्हणाली. पदराला हात पुसत ती उंबऱ्यावर बसली. "त्या साली गावातल्या एका पोराला ऊन लागलं. मी तुमाला म्हनलं, चार वाजूस्तवर ह्या लेकरांना दाराभायेर पडू देऊ नगा. काय बी करा. म्हनून तुमी ते लांबवायला लागला. कॅसेट येवढुशी, दुपार येवढी मोठी."

"आसं व्हतं व्हय?" मामा म्हणाले.

"मी दार आडवून हितंच बसायची. टीव्ही ह्या भिताडाला, माझ्या बगलंला. मला त्यातलं कायबी दिसायचं न्हाय."

"मग मामी, तुमाला धुराजी म्हाईतच न्हाय?" सूरजनं विचारलं.

"म्हाईत न्हाय कसा? मला तुमची तोंडं दिसायची की. तुमच्या तोंडाकडं बघून मला कळायचं गाढाव कुठवर आलंय ते." ती रेश्माकडं वळली. "त्या बाईनं इस्तू पळवला, तवा तू रडली व्हतीस. आवाज न करता. निळं पानी गालावर. मी म्हनलं, आता ह्यांनी परत दिल्याबिगर पोरगी जेवायची न्हाय. पन हे तर तितंच घोरायला लागलं."

सगळे हसले, मामा सगळ्यात जास्त.

"मग दिला का विस्तव परत?" छकुलीनं विचारलं. ती मघापासून मामीच्या गुडघ्याला खेटून बसली होती.

"ह्यांनी न्हाय दिला. मी दिला."

"म्हंजी?" रेश्मा म्हणाली.

मामी जरा लाजली. "तुमी सुट्टी संपून गेला आन् माझं मन तितंच आडकून ऱ्हायलं. पानमळ्यात दिवसभर काम. हात चालायचा, डोकं रिकामं. मग मीच पुढचं लावत बसायची. ती बाई काय वंगाळ नव्हती गं. तिला बी थंडी वाजत व्हती. वाऱ्याला कोन घरात घेतंय? समदी दारं लावून घेत्यात. तिनं इस्तू नेला, पन तो हातात घेतला आन् तिलाच फुंकर घालायची भीती वाटाय लागली. इझला तर? मग ती श्वास धरून बसली. तीन दिस वारं पडलं. झाडाचं पान हाललं न्हाय…"

मामा काठीवर हनुवटी टेकून बायकोकडं बघत होते. हे सगळं आपल्याच घरात होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"मंग?" तेच म्हणाले.

"मंग काय, म्हशीची येळ झाली," म्हणून मामी उठली आणि बादली घेऊन गोठ्याकडं गेली.

रेश्मा थोडा वेळ बसली. मग चपला न घालताच मागून गेली. गोठ्यात गारवा होता, ओल्या पेंढीचा वास होता. मामी म्हशीच्या कुशीला डोकं लावून धार काढत होती. बादलीत आधी पत्र्यावर वाजावी तशी धार वाजली, मग दूध साठलं तसा आवाज मऊ झाला. दिवसभर प्रकल्पात टँकरचं दूध तपासणाऱ्या रेश्मानं हा आवाज कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"मामी, तुमी अजून लावताय का पुढचं?"

"कधी तरी. आता रानात जायाचं झेपत न्हाय. पन झोप न्हाय आली की हायच."

"आता कुठं असंल तो?"

मामीचा हात सडावर थांबला. खरंच आठवून बघावं तसे तिनं डोळे बारीक केले. "म्हातारा झालाय. चूल आता त्याच्या पाठीवर न्हाय. एक पोरगी भेटली त्याला वाटंत, समुद्राच्या काठाला. ती घेऊन चालती. हा नुसता संगं चालतो. वाट त्यालाच म्हाईत ना."

"समुद्र कधी आला?"

"लई वरसं झाली. तुझं लगीन झालं त्या साली."

रेश्माला वाटलं, आपण शाळा संपवली, बारामतीला आलो, कामाला लागलो, छकुली झाली, आणि त्या सगळ्या काळात ते गाढव पानमळ्याच्या सावलीतून, मामीच्या बोटांबरोबर, चालतच होतं. मागं कुठं थांबलंच नव्हतं.

"मामी, समुद्रापासनं न्हाय. वारं पडलं होतं तितनं सांगा."

"मंग बस खाली. उभ्यानं का ऐकतीस?"

रेश्मा पेंढीच्या भाऱ्यावर बसली. मामी धार काढता काढता सांगायला लागली. छकुली कधी येऊन मांडीवर बसली ते कळलं नाही. सूरज गाडीची किल्ली घेऊन निघायचं म्हणायला आला आणि चौकटीला टेकून तसाच उभा राहिला. ओसरीवरून मामांनी चहासाठी हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. मग काठीचा ठक ठक आवाज अंगणातून जवळ येत गेला आणि दारात येऊन थांबला.

"जरा मोठ्यानं सांग की," मामा म्हणाले. "हितवर ऐकू येत न्हाय."