शेजाऱ्यांचे टीव्ही

मोठ्याबाई धाकट्या लेकाकडे राहायला आल्या आणि आठवड्याच्या आतच त्यांना त्या इमारतीची खोड कळली. कुठल्याही घरात बाई ओरडायला लागली, की बाकीची घरं टीव्हीचा आवाज वाढवायची. आधी शेजारचं, मग खालचं, मग समोरचं. बातम्या, गाणी, जाहिराती, सगळं एकदम बोंबलायचं आणि बाईचा आवाज त्यात बुडून जायचा. थोड्या वेळाने एकेक टीव्ही खाली यायचा. झालं, मंडळी जेवायला मोकळी.

"हे काय गं थेर?" त्यांनी सुनेला विचारलं.

"इथं असंच आहे, आई," सून भाजी चिरता चिरता म्हणाली. "ऐकलंच नाही म्हटलं, की सकाळी जिन्यात भेटताना त्यांना जड जात नाही, आपल्यालाही नाही."

"पण असतं कुणाच्या घरचं?"

"असतं कुणाचं तरी." सुनेने मान वर केली नाही. तिनेही रिमोट उचलून आवाज वाढवला.

मोठ्याबाईंनी तो हिसकावून टीव्ही बंद केला. त्यांचा संशय समोरच्या ड्रायव्हरवर होता. मेल्याचं थोबाडच तसलं. "माझ्या लेकाकडे बघ म्हणावं. बायकोपुढे कधी आवाज चढत नाही त्याचा."

सून पुन्हा भाजीकडे वळली. मोठ्याबाईंना वाटलं, नवऱ्याचं कौतुक ऐकून लाजली.

रविवारी संध्याकाळी त्या बाजारातून परतल्या तर तळमजल्यापासूनच टीव्ही किंचाळत होते. लागला वाटतं ड्रायव्हर कामाला, त्या पुटपुटल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेत चढत राहिल्या आणि पायरीगणिक त्याचा उद्धार करत राहिल्या. हात झडोत त्याचे. याला आई नाही की काय? असेल तर आधी तिचंच थोबाड रंगवायला हवं, असलं कार्टं पोसलं म्हणून. पहिल्या मजल्यावर शिंपिणीचं दार बंद, मास्तरांचं बंद. सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलेलं.

दुसऱ्या मजल्यावर ड्रायव्हर स्वतःच्या दारात बुटांना पॉलिश करत बसला होता. बायको त्याच्यामागे उभी, हातात रिमोट.

"तू इथं?" मोठ्याबाई म्हणाल्या. "मग आहे कुणाकडे?"

ड्रायव्हरने ब्रश खाली ठेवला आणि त्यांच्याच दाराकडे पाहिलं.

दाराला आतून कडी होती. घरातला टीव्हीही टिपेला लावलेला. मोठ्याबाईंनी दार बडवलं, लेकाला हाका मारल्या, हात लाल झाला. त्या गोंधळात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. तेव्हा कुठे तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्याच्या वळणावर सगळ्या इमारतीच्या मीटरांची पेटी होती. अर्धा जिना उतरून त्यांनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला.

इमारत मुकी झाली. आणि त्या शांततेत लेकाचा आवाज तळमजल्यापर्यंत स्वच्छ गेला.

"आईला सांगशील? जा, सांग. ती माझी आई आहे, तुझी नाही." मग थप्पड. तीही सगळ्यांनी ऐकली.

दारं उघडली. "लाइट गेली का हो, आजी?" शिंपिणीने खालून विचारलं.

"गेली नाही, मी घालवली. कानात बोळे घालून बसला होतात ना, काढा आता. जिच्यासाठी या इमारतीत कधी टीव्हीचा आवाज वाढला नाही, तिने पुढे यावं."

कुणी पुढे येईना. मास्तरीणबाई कठड्याकडे बघत राहिल्या. शिंपिणीने बाही मनगटापर्यंत ओढली. ड्रायव्हरची बायको आत सरकली.

"म्हणजे सगळ्याच," मोठ्याबाई म्हणाल्या. "आणि मी वेडी एकच घर शोधत होते."

कडी निघाली. "आई, आत ये," लेक दातओठ खात म्हणाला. "घरातली गोष्ट आहे. लोकांसमोर तमाशा नको."

"तमाशा तुझा. मी नुसता पडदा उघडला. बाजूला हो."

त्याच्या मागे सून उभी होती. ओठ फाटलेला. तिने रडून दाखवलं नाही, एवढंच विचारलं, "चौकीत पोलिसांच्या तोंडावर सांगाल, आई? की दमून आला होता म्हणाल?"

मोठ्याबाईंना तो प्रश्न थपडेसारखा लागला. पोरीने त्यांना बरोबर ओळखलं होतं. कालपर्यंत त्या तेच म्हणाल्या असत्या.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

शिंपीण कोपऱ्यापर्यंत सोबत आली आणि थांबली. "मी उद्या येते, आजी."

"ये. नाही आलीस तर मी तुझ्या दारात येऊन बसेन."

चौकीतला हवालदार सुनेचा ओठ बघूनही खुर्चीत रेललेलाच राहिला. "नवरा-बायकोचं चालायचंच हो, आजी. बोलावून दम देतो त्याला. घरी जा."

"दम त्याच्याकडे मुबलक आहे. तू लिही."

"तुम्ही कोण हिच्या? आई?"

"मारणाऱ्याची आई."

हवालदार सरळ बसला. "विचार करा, बाई. पोटचा मुलगा आहे. एकदा लिहिलं की खोडता येत नाही."

मोठ्याबाईंनी सुनेला बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"म्हणूनच मी आले. परक्याबद्दल सांगितलं असतं तर म्हणाला असतास, तुम्हाला काय ठाऊक. आता आधी त्याचं नाव लिही. मीच ठेवलेलं आहे, नीट सांगते."