येळवशीच्या तारखेचा आकडा

गुरुपादप्पाला एका आकड्यानं झपाटलं होतं: दहा लाख नऊ. अहमदपूरच्या एका खासगी शाळेत तो तासिकेवर गणित शिकवायचा. लातूर जिल्हा झाला, तिथं नवं कॉलेज निघणार असं कळलं, तेव्हापासून त्यानं मनाशी धरलं होतं: ही संख्या मूळ आहे, तिला कशानंही भाग जात नाही, हे हातानं करून दाखवायचं आणि नोकरी मिळवायची. गाव पाण्याच्या रांगेत, हा भागाकारात!

हजाराच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहिलं की झालं. त्यानं कॅलेंडरच्या तारखांखाली एकेक आकडा आधीच लिहून ठेवला होता; भागून झाला की बरोबरची खूण. पहाटे टँकर यायचा. बायको जगदेवी एकटीच घागरी घेऊन धावायची, धक्के खायची, आणि हा पाटी घेऊन बसलेला. शेवटी तिनं सांगून टाकलं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मी कंधारला माहेरी जाते. जगदेवी नुसती बोलणारी नव्हती.

लातुरात मुलाखतीला तो जीव तोडून बोलला. चारानं भागून एक उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता येते, असं सांगून त्यानं फळ्यावर लिहिलं: हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. समोरचे म्हातारे प्राध्यापक उठले. त्यांनी खाली लिहिलं: दोनशे पस्तीसचा वर्ग अधिक नऊशे बाहत्तरचा वर्ग. गुरुपादप्पानं बेरीज केली. दहा लाख नऊच आली. दोन प्रकार निघाले, म्हणजे संख्या मूळ नव्हेच. भल्याभल्यांची इथं फसगत झाली आहे, असं प्राध्यापक म्हणाले. त्या सांत्वनावर नोकरी थोडीच मिळते?

घरी आला तर ओट्यावर मेहुणा वीरण्णा बसलेला. नवऱ्याचं तोंड पाहून जगदेवी काही न विचारता गाठोडं बांधायला लागली. गुरुपादप्पा कॅलेंडरची मागची पानं उलटत सुटला. कुठं चुकलं? सगळीकडे खुणा होत्या, एक तारीख सोडून. येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. तिच्याखाली दोनशे त्र्याण्णव. पाटीवर भागून पाहिलं, बाकी शून्य.

येळवशीला अख्खा मुलूख रानात जेवायला जातो. पिकं करपली होती, तरी जगदेवीनं हट्टानं त्याला नेलं होतं. कडब्याच्या कोपीत पूजा केली, भज्जी-आंबील वाढली, दिवस मावळेपर्यंत दोघं बोलत बसली. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या तारखेचा आकडा घेतला. येळवशीचा तसाच राहिला.

आता खापर कुणावर तरी फोडायला हवं होतं.

"तूच न्हेलीस मला रानात," तो म्हणाला. "त्या दिवशी घरी बसलो असतो तर हे तवाच कळलं असतं."

जगदेवीचे हात थांबले. "लगीन झाल्यापून तेवढा एकच दिवस तुमी माझ्यासंगं बसलाव," ती म्हणाली. "त्याच्या जिवावर मी इतके दिवस थांबले व्हते."

मग तिनं गाठ मारली. भाऊ पुढं, ती मागं.

पहाटे टँकर आला तेव्हा तो दोन्ही घागरी घेऊन रांगेत उभा होता. मागच्या बाईनं विचारलं, "एकट्याला एवढं पानी कशाला हो, सर?"