आंधळे पहारेकरी

नांदूरघाटच्या चौकात सकाळी सकाळी नवा फ्लेक्स लागला. तो वाढदिवसाचा नव्हता, निवडीचा नव्हता आणि भावपूर्ण श्रद्धांजलीचा तर नव्हताच. 'लास्ट लँटर्न' या आगामी व्हिडिओ गेमचा प्रीव्ह्यू जगभर झळकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, अमरसिंहभैय्या गेमिंग मित्रमंडळ. कोपऱ्यात काळं कापड पांघरलेला गेमचा नायक आणि त्याच्या दुप्पट आकाराचा अमरसिंह, गॉगल लावून, मोबाइल कानाला धरून, दूरवर काहीतरी फार महत्त्वाचं बघणारा. खाली पासपोर्ट फोटोतली पंचवीस-तीस डोकी. ज्या गेममध्ये अंगावर उजेड पडू द्यायचा नाही, पाऊल वाजू द्यायचं नाही आणि पहाऱ्यातून चोरासारखं निसटायचं, त्याच्या स्वागताला या शहाण्यांनी डीजे लावला होता आणि जेसीबीच्या बकेटमधून गुलाल उधळला होता.

अमरसिंहची धाकटी बहीण राजनंदिनी गच्चीवरून हा तमाशा बघत होती. बीडला कॉलेज संपवून ती दोन वर्षं घरीच होती. गेम बाजारात यायला अजून कित्येक महिने होते. कंपनीने दाखवला होता तो दहा-बारा मिनिटांचा तुकडा. नवरी बघायची बाकी आणि हे वरातीत नाचतायत, असं मनात म्हणून तिने नाक मुरडलं. तिला त्या गुलालाची नाही, त्या पोरांच्या अकलेची किळस येत होती.

अमरसिंहने त्या तुकड्यावर 'पहिल्यांदाच बघतोय' असा व्हिडिओ काढला होता. काढण्याआधी तो तुकडा त्याने तीनदा बघितला होता. लाल खुर्चीत बसून तो उडाला, छातीला हात लावून मागे पडला, "काय बे हे! लई भारी! लई म्हंजी लई!" असं ओरडला. शेवटी रडायचं होतं, पण रडू काही येईना. मग कॅमेरा धरणाऱ्या हरिओमने त्याच्या डोळ्यांखाली बाम चोळला. भैय्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि खाली शेकडो लोकांनी लिहिलं, 'भैय्या, आमी पण रडलो.'

राजनंदिनीचा स्वतःचा चॅनेल होता, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वरच्या खोलीत ज्वारीची पोती होती आणि पोत्यांच्या आडोशाला बँकेच्या परीक्षेच्या नावाखाली घेतलेला कॉम्प्युटर. पोत्यांमुळे आवाज घुमत नसे. ती बोलायची आणि एक सॉफ्टवेअर तिच्या आवाजाचा जाड, पुरुषी आवाज करून द्यायचं. चॅनेलचं नाव चोरपाऊल. "पावलं न वाजवता या, बसा, आणि डोळे उघडे ठेवा," या वाक्याने तिचा प्रत्येक व्हिडिओ सुरू व्हायचा. ते वाक्य आता बीडपासून परळीपर्यंतच्या पोरांना पाठ होतं.

त्या प्रीव्ह्यूवरही ती बोलली. "या किल्ल्यातले पहारेकरी आंधळे आहेत," ती म्हणाली. "नायक हातभर अंतरावरून, भर कंदिलाखालून जातो आणि पहारेकरी मानपान न मिळालेल्या व्याह्यासारखा आढ्याकडे बघत राहतो. यात लपायचं कसब काय? समोरच्याने बघायचंच नाही ठरवलं तर म्हैससुद्धा लपेल." हेच तिने इंग्रजीत लिहून कंपनीच्या पानावरही टाकलं, त्याच नावाने.

मग शिव्यांचा पाऊस पडला. 'जळतो का बे?' 'व्हिडिओ बघितला न्हाई, पण डिसलाइक ठोकलाय.' 'तुझ्या गावात लाइट तरी हाय का?' आणि एकाने लिहिलं होतं, 'असल बापाचा असशील तर समोर ये.' ते वाचताना राजनंदिनीला हसू आवरेना, कारण तो असल बाप खाली ओसरीवर चहा फुंकत बसला होता.

त्या बापाचं, म्हणजे गहिनीनाथराव अण्णांचं, दुखणं वेगळंच होतं. जिल्हा परिषदेच्या गटासाठी त्यांनी अमरसिंहला तीन वर्षं तयार केलं होतं. लग्नं, मयती, दशक्रिया, पोरगं कुठे नेलं नव्हतं असं झालं नव्हतं. आणि ऐनवेळी आरक्षणाच्या सोडतीत गट महिलेला सुटला. तेव्हापासून ते घुश्श्यात होते. बायकोला, तुळजाबाईंना, उभं करायची गोष्ट त्यांनी काढली, तर त्या म्हणाल्या, "मला सहीशिवाय कशालाच बोलवत न्हाई तुमी. सहीसाठी आन् कुणी बघा."

चोरपाऊलचा निषेध करायचं मित्रमंडळाने ठरवलं. निषेध म्हटलं की पुतळा जाळायचा, एवढंच या पोरांना राजकारणातून शिकायला मिळालं होतं. गेमवर कुणी टीका केली तर काय करतात हे त्यांना कोण सांगणार? आदल्या दिवशी हरिओम घरी आला.

"काकू, जुने कपडे हायेत का? पुतळ्याला घालायला पाहिजेत."

"कुणाचा पुतळा रे?" तुळजाबाईंनी विचारलं.

"ते न्हाई माहीत. हाय एक नालायक."

"थांब, मी देते," राजनंदिनी म्हणाली आणि आतून एक पांढरा लिननचा शर्ट आणि पँट घेऊन आली. आपल्याच पुतळ्याला आपणच कपडे देतोय, याची तिला इतकी मजा वाटत होती की ओठ दाबून धरावे लागले.

चौकात पुतळा उभा राहिला, पोटात उसाचं पाचट भरलेला. जोडे मारले, मुर्दाबाद झालं, काडी लागली. पाचटाने भडका घेतला आणि त्याच क्षणी अमरसिंह किंचाळला, "अरे बे, माझा शर्ट हाय तो! बीडहून आणलेला!" दोघं-तिघं विझवायला धावले, पण खिसासुद्धा वाचला नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाला जाळलं रं?" एकालाही नीट सांगता आलं नाही.

आठवडा गेला आणि कंपनीने जाहीर केलं की टीका खरी आहे. पहारेकऱ्यांवर पुन्हा काम केलंय. नेमका दोष दाखवल्याबद्दल भारतातल्या चोरपाऊल यांचे आभार. सोबत नव्या पहारेकऱ्यांसह गेमचा एक छोटा भाग सगळ्यांना खेळायला खुला केला होता.

चॅनेलवर गावाच्या जागी नुसतं 'बीड' लिहिलेलं होतं. तेवढ्यावर सगळं फिरलं. काल ज्यांनी जोडे मारले तेच आज 'आपल्या बीडचा वाघ' म्हणून स्टेटस ठेवू लागले. एकाच्याही तोंडावर लाजेची रेघ नाही. हरिओमने तर पारावर सगळ्यांसमोर विचारलं, "भैय्या, खरं सांगा, चोरपाऊल तुमीच हाय ना? लोकांला चकवायलाच पुतळा जाळला ना?"

अमरसिंह हो म्हणाला नाही. तो फक्त हसला. पण त्या हसण्यावर शुक्रवारी सत्कार ठरला, मंडप सांगितला गेला, फेटेवाला ठरला आणि अध्यक्षस्थानी गहिनीनाथराव.

हे कळल्यावर मात्र राजनंदिनीची मजा पार आटली. शिव्या खाल्ल्या तेव्हा तिने हसून खाल्ल्या होत्या. पण दोन वर्षं पोत्यांमागे बसून जे एक नाव तिने कमावलं होतं, ते भर चौकात, बापाच्या हातून, या बाम चोळून रडणाऱ्याच्या अंगावर शालीसारखं पडणार होतं. एकदा पडलं की परत मिळणार नव्हतं. ती तडक भावाच्या खोलीत गेली.

"भैय्या, चोरपाऊल मी हाय."

तो खदखदून हसला. तिने मोबाइलवर चॅनेल उघडून त्याच्यासमोर धरला, आतून, फक्त मालकालाच उघडता येतो तसा. त्याचं हसू हळूहळू मावळलं आणि तो पलंगावर बसला.

"मग तर अजूनच गप बस," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील? गहिनीनाथरावांची पोरगी परक्या पोरांच्या शिव्या खात बसती? अण्णाला कळलं तर कॉम्प्युटर गच्चीवरून खाली जाईल."

"आन् सत्कार?"

"माझा झाला काय न् तुझा झाला काय, घरातच राहतंय की."

हा माणूस तिच्यासोबत एका ताटात जेवला होता. तिला त्याचा राग आला, पण रागापेक्षा तो तिला फार क्षुद्र वाटला. ती वर गेली आणि चोरपाऊलच्या पानावर तिने एकच ओळ लिहिली: शुक्रवारी नांदूरघाटच्या सत्कारात चोरपाऊल नव्या पहारेकऱ्यांसमोर सगळ्यांदेखत खेळून दाखवील.

अमरसिंहने दात-ओठ खाल्ले. पण हे मी लिहिलं नाही, असं तरी कुणाला सांगणार?

शुक्रवारी दुपारी नेकनूरपासूनची पोरं मोटरसायकलींवर आली. निवडणुकीसाठी आणतात तसला मोठा पडदा स्टेजवर लावला होता. फेटा बांधलेला, खांद्यावर सत्काराची शाल घेतलेला अमरसिंह गेमचा रिमोट घेऊन खेळायला बसला. नायक किल्ल्यात शिरला, कंदिलाच्या कडेने निघाला. नवा पहारेकरी थांबला, मान वळवली, कंदील उचलला, आणि धरलं. दुसऱ्यांदा धरलं. तिसऱ्यांदा तर पायरी चढायच्या आत धरलं. गर्दीतून शिट्ट्या सुरू झाल्या.

"रिमोट बिघडलाय, रिमोट!" हरिओम ओरडला.

बायकांच्या बाजूला बसलेली राजनंदिनी उठली. तुळजाबाईंनी तिची ओढणी धरली. "कुठं निघालीस गं?"

"वर," ती म्हणाली आणि ओढणी सोडवून स्टेजवर गेली. अमरसिंह काही बोलायच्या आत तिने त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि खाली फळीवरच बसकण मारली.

ती खेळली. म्हणजे बराच वेळ तिने काहीच केलं नाही. भिंतीच्या सावलीत बसून पहारेकऱ्याच्या फेऱ्या बघत राहिली. त्याने कंदील दुसऱ्या हातात घेतला तशी ती त्याच्या पाठीमागून दोन पावलं सरकली आणि थांबली. तिला त्या पहारेकऱ्याचं कौतुक वाटलं. निदान तो बघत तरी होता.

खाली मात्र चुळबूळ सुरू झाली. "मार की त्याला!" "हाणामारी कवा हाय?" "डीजे लावा बे!" ज्यांनी या गेमसाठी गुलाल उधळला होता, माणूस जाळल्यासारखा पुतळा जाळला होता, त्यांना जांभया येत होत्या. दहा-वीस जण भज्यांच्या गाड्याकडे निघूनही गेले. या खेळात काय असतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि ते त्यांना आवडलं नाही.

एकाही पहारेकऱ्याला न दिसता ती किल्ल्याबाहेर पडली. मग तिने माइक हातात घेतला.

"पावलं न वाजवता या, बसा, आणि डोळे उघडे ठेवा."

आवाज बाईचा होता, पण वाक्य सगळ्यांच्या कानात बसलेलं होतं. थांबायची जागासुद्धा तीच. भज्यांच्या गाड्यावरची पोरं मागे वळली. हरिओमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

गहिनीनाथराव खुर्चीतून उठले. आता मुस्काटात बसणार, असं राजनंदिनीला वाटलं आणि ती तयारही होती. पण त्यांची नजर तिच्यावर नव्हती, गर्दीवर होती. शेतावरचा ऊस किती टन भरेल ते बांधावरून बघावं, तसे ते बघत होते. मग त्यांनी अमरसिंहच्या खांद्यावरची शाल काढली आणि तिच्या खांद्यावर घातली.

"मला पहिल्यापासून माहीत होतं," ते माइकवर म्हणाले. "म्हटलं, योग्य वेळ येऊ द्या. ही माझी लेक, आन् आता ही तुमची बी लेक!"

टाळ्या पडल्या. पहिली टाळी हरिओमची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात नवा फ्लेक्स होता. राजनंदिनीच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, शेजारी हात जोडलेले गहिनीनाथराव आणि वर ठळक अक्षरात, 'भावी जिल्हा परिषद सदस्या, मा. राजनंदिनीताई'. खाली पासपोर्ट फोटोतली तीच पंचवीस-तीस डोकी, आता त्यांत अमरसिंहही एक. हरिओमने त्या फ्लेक्ससमोर उभं राहून व्हिडिओ काढला होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि डोळ्यांखालची जागा बामाने चकाकत होती. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं, 'ताई, आमी पण रडलो.'

तिला कुणी विचारलं नव्हतं. फॉर्मवर सही कधी करायची तेवढं तुळजाबाईंच्या हाती सांगून पाठवलं होतं.

ती वर गेली, पोत्यांमागे बसली. आवाज बदलायचं सॉफ्टवेअर तिने बंद केलं, कॅमेरा उघडला आणि व्हिडिओ आधी काढून न ठेवता थेट लाइव्ह सुरू केला. बघणाऱ्यांचा आकडा भराभरा वाढायला लागला.

"पावलं न वाजवता या, बसा, आणि डोळे उघडे ठेवा. आज एका प्रीव्ह्यूबद्दल बोलायचंय. आमच्या चौकात लागलाय. यातल्या उमेदवाराला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. ती उभी राहणार नाही, आणि सहीही करणार नाही. बनवणाऱ्यांना अजून वाटतं की घरातल्या माणसाकडे न बघताही चालतं."

जिन्यावर जड पावलं वाजली. गहिनीनाथराव दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये ती होती.

"बंद कर ते," ते म्हणाले.

राजनंदिनीने कॅमेरा हळूच त्यांच्याकडे वळवला.

"आता न्हाई जमायचं, अण्णा," ती म्हणाली. "सगळे बघतेत."