सरांनी बसवलेला सेन्सर

पाथरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सिद्धोधन सरांची गाडी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडली, ती साई मंदिराकडं जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर. मागं दर्शनाला आलेल्या लोकांनी भरलेली जीप होती. हॉर्न वाजवून काही होईना, तेव्हा जीपमधलेच चार जण उतरले आणि त्यांनी सरांची गाडी ढकलत कडेला नेली. सर आत स्टिअरिंग धरून बसले होते. आपणही यात काहीतरी महत्त्वाचं करतोय असा चेहरा ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता, पण ढकलणाऱ्यांपैकी एकानं काचेतून आत बघितलं आणि सरांनी नजर मीटरकडं वळवली. वीस मिनिटांनी इंजिन निवलं, गाडी आपली आपण सुरू झाली. तोवर जीपवाले दर्शन घेऊन परत निघालेही होते.

तिथून सर थेट पंडितच्या गॅरेजवर गेले. पंडित त्यांचाच जुना विद्यार्थी. बारावीच्या प्रात्यक्षिकात सरांनी त्याला जेमतेम काठावर पास केलं होतं आणि जर्नलवर लाल शाईनं शेरा मारला होता, 'हाताला वळण नाही.' आता तालुक्यात कुणाच्याही गाडीला काही झालं की ती याच हातांकडं येई. पंडितनं त्या शेऱ्याचा विषय कधी काढला नव्हता. सरांना मात्र गॅरेजची पायरी चढताना दर वेळी आठवायचा.

पंडितनं गाडीला मशीन जोडलं, पडद्यावरचा आकडा वाचला आणि म्हणाला, "सर, कॅमचा सेन्सर गेलाय. इंजिन गरम झालं की त्यो बंद पडायलाय."

"बदलून टाक मग."

"मेहुणीचं लग्न हाय जिंतूरला. आता निघायलोय. चार दिवसांनी आलो की पहिलं तुमचं काम." त्यानं कपाटातून एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. "पार्ट हाय माझ्याकडं. पर जागा लय बेकार, सर. इंजिनच्या पाठीमागं. एकच बोल्ट हाय, पर हात जात न्हाई आन् दिसत बी न्हाई."

'एकच बोल्ट' एवढंच सरांच्या कानात शिरलं. त्याच सकाळी त्यांनी अकरावीच्या वर्गाला सांगितलं होतं की विज्ञान पुस्तकात नसतं, हातात असतं. आणि वाक्य बरं जमलं म्हणून ते लगेच दुसऱ्यांदा म्हटलं होतं.

"दे इकडं," सर म्हणाले. "मीच बसवतो."

पंडितनं डबी सरांकडं सरकवली. मग म्हणाला, "बसवा की. अडलं तर फोन करा."

रविवारी सकाळी सर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला जुना पांढरा ॲप्रन घालून अंगणात आले. सुजाताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत. त्यामुळं समोरचा माणूस काय घोळ घालणार याचा अंदाज त्यांना लवकर येई.

"अहो, हा डागांनी भरेल."

"तासाभराचं काम आहे. व्हिडिओत बारा मिनिटांत झालं."

"मग तुम्हाला तास कशाला?"

सरांनी बॉनेट उघडलं.

अंगणातच खुर्ची टाकून त्यांची आई कुसुमबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वय शहात्तर. राणीसावरगावच्या उपकेंद्रात तेहतीस वर्षं त्यांनी नर्सबाई म्हणून, गावोगावची बाळंतपणं करत काढली होती. मुलगा काय करतोय हे विचारल्याशिवाय त्यांना करमत नसे.

"काय बदलायलास रं?"

सरांना विषय मिळाला. त्यांनी डबीतून अंगठ्याएवढा काळा सेन्सर काढला आणि तो चुंबकीय क्षेत्रावर कसा चालतो, इंजिनातला दांडा कुठवर फिरला हे कसा ओळखतो आणि त्यावरून ठिणगी कधी टाकायची हे कसं ठरतं, ते पाच मिनिटं समजावलं. "आणि आता इंजिन गरम झालं की हा गप बसायलाय," त्यांनी शेवट केला.

"तुझ्या बापाचं उलटं हुतं," कुसुमबाई म्हणाल्या. "ते गरम झाले की बोलायला लागायचे."

सरांनी बॅटरीची वायर सोडली, हवेचा जाडजूड पाइप काढून बाजूला ठेवला आणि इंजिनाच्या मागच्या फटीत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. पुढंही जाईना, मागंही येईना. दोन मिनिटं ते गाडीवर ओणवे होऊन तसेच राहिले. सुजाताबाई दारातून म्हणाल्या, "तेल आणू का?" सर म्हणाले, "नको, बघतोय." प्रत्यक्षात त्यांना काहीच दिसत नव्हतं. शेवटी खोबरेल तेलच ओतावं लागलं. हात निघाला तेव्हा मनगटावरचं कातडं सोललेलं होतं आणि घड्याळ खाली कुठंतरी पडलं होतं.

मग त्यांना युक्ती सुचली. आरसा. सुजाताबाईंचा छोटा आरसा त्यांनी मागच्या बाजूला तिरपा धरला आणि खरोखरच त्यात बोल्ट दिसला. कुठल्याशा कोनातून दहा नंबरचा पानाही बसला. सरांनी आरशात बघत बोल्ट डावीकडं फिरवायला सुरुवात केली. बोल्ट हटेना. त्यांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला, थांबले, पुन्हा जोर लावला. अर्धा तास गेला. ॲप्रनची पाठ घामानं भिजली.

शेजारचे दत्तराव तहसीलमधून निवृत्त झालेले. कुंपणाच्या भिंतीवर कोपर ठेवून ते बराच वेळ बघत होते. ते सहज म्हणाले, "सर, आरशात उलटं दिसतं ना?"

सर थांबले. आरशातलं प्रतिबिंब, त्याची डावी बाजू, उजवी बाजू, या धड्यावर ते दर वर्षी दोन तास घेत. फळ्यावर आकृती काढत. त्यावर एक हमखास प्रश्न ते स्वतः परीक्षेत घालत, आणि तो चुकवणाऱ्या पोरांना उत्तरपत्रिका हातात देताना दोन शब्द ऐकवत. गेला अर्धा तास ते बोल्ट सोडवत नव्हते, आवळत होते.

"हो, ते लक्षात आहेच," ते दत्तरावांना म्हणाले आणि आरसा खाली ठेवला.

आता बोल्ट इतका घट्ट बसला होता की पाना लागला तरी निसटे, आणि आरशाशिवाय तो लागतही नसे. सर मान वाकडी करून, टॉर्च दातात धरून, फटीत एक डोळा घालून बघत राहिले.

"सिद्धू," कुसुमबाई म्हणाल्या. "दिसायलंय का काही?"

"न्हाई, माय."

"मग बघायलास कशाला? डोळे मीट."

सरांनी टॉर्च तोंडातून काढला.

"मीट डोळे. पाना ठेव खाली. नुसतं बोटानं चाचप. बोल्ट कुठं, त्याच्या वर काय, खाली काय, ते हाताला कळू दे. मग पाना घे." शेंगा सोलायचं त्यांनी थांबवलं नव्हतं. "रात नाही, दिवस नाही, लाइट नाही, असं मी काम केलं. आत बघायला कोण देत हुतं? घाई केली की चुकतं. घाई करू नको."

सरांनी डोळे मिटले. पहिल्यांदा नुसती धातूची गर्दी लागली. मग एक गुळगुळीत कड, मग प्लग, त्याच्या खाली सेन्सरचा कान आणि कानात बोल्टचं डोकं. सहा बाजू त्यांनी बोटानं मोजल्या. हात कोपरातून जरा आत वळवला तर मघाची फट आपोआप मोकळी झाली. पाना बसला. त्यांनी श्वास रोखून विरुद्ध दिशेला दाबलं आणि बोल्टनं कट्ट असा आवाज केला.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. स्प्रेमुळं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

जुना सेन्सर हलवत हलवत बाहेर काढायला आणखी वीस मिनिटं लागली. सरांनी तो रॉकेलच्या बोळ्यानं इतका लख्ख पुसला की पंडितला दाखवायला ठेवावा असं त्यांना वाटलं. मग चहा आला. दत्तरावही भिंत सोडून अंगणात आले. सरांनी दोन्ही हातांत दोन सेन्सर धरून त्यांना सगळं तत्त्व पुन्हा एकदा सांगितलं; हा जुना, हा नवा, यातली ही बाजू इकडं, ती तिकडं. चहा घेताना दोन्ही खाली ठेवले, कप ठेवून पुन्हा उचलले. मग एक खिशात टाकला आणि दुसरा डोळे मिटून बसवला. त्याची रबरी रिंग जरा कडक लागली. नवी आहे, कडक असणारच, असं ते स्वतःशी म्हणाले. बसवायला फक्त दहा मिनिटं लागली आणि याचा त्यांना फार अभिमान वाटला.

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. "चला, मानवतपर्यंत जाऊन येऊ," सर म्हणाले. सुजाताबाई पुढं बसल्या, कुसुमबाई शेंगांची परडी घेऊन मागं. ॲप्रन काढायचं सरांच्या लक्षातच आलं नाही. वाटेत ते बोलत होते. माणसं उगीच मिस्त्रीवर अवलंबून राहतात, थोडा धीर धरला की सगळं जमतं, पुढच्या वर्षी आपण पोरांसाठी एक कार्यशाळाच घेऊ.

बारा किलोमीटरवर, दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या ठिकाणी, गाडीनं एक गचका दिला आणि बंद पडली.

सरांनी दोनदा चावी फिरवून बघितली. मग सर म्हणाले, "पंडितचं निदान चुकलं."

"असं कसं म्हणता?" सुजाताबाई म्हणाल्या.

"नवा सेन्सर बसवलाय मी. म्हणजे दोष दुसरीकडं आहे. साधं तर्कशास्त्र आहे."

गाडीतून उतरून, बॉनेटशी उभं राहून त्यांनी पंडितला फोन लावला. पलीकडं बँडबाजा चालला होता. सरांनी सौम्य आवाजात, पण मार्क कापताना वापरत त्याच सुरात, मशीनवर आंधळा विश्वास ठेवू नये असं त्याला सांगितलं. पंडितनं सगळं ऐकून घेतलं. बँडपासून लांब गेल्यासारखा त्याचा आवाज स्पष्ट झाला.

"सर, काढलेला सेन्सर कुठं हाय?"

"माझ्या खिशात."

"त्याच्या रबराला नख लावून बघा. कडक हाय का मऊ?"

सरांनी खिशातून सेन्सर काढला. नख लावलं. नख आत रुतलं आणि रबर पुन्हा वर आलं.

"मऊ आहे," ते म्हणाले.

पंडितनं पलीकडून नुसतं 'हं' केलं. त्याला काय म्हणायचं होतं ते सरांना कळलं, आणि तो ते म्हणणार नाही हेही कळलं. बँडवाल्यांनी नवं गाणं सुरू केलं.

"तो नवा आहे," सर स्वतःच म्हणाले.

"हुतं सर असं," पंडित म्हणाला. "माझं बी झालंय. अर्धा तास इंजिन निवू द्या. आन् बसवताना रिंगला जरा ऑइल लावा."

सरांनी फोन ठेवला आणि मागं वळून गाडीत बघितलं. सुजाताबाई खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"माय, तू तरी हसू नको."

"मी कुठं हसायले," कुसुमबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, जुळ्यांच्या बाबतीत आमी हाताला दोरा बांधायचो."

मग मात्र सर स्वतःच हसायला लागले, आणि बॉनेटला टेकून बराच वेळ हसत राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं काय झालं म्हणून ट्रॅक्टर हळू केला आणि पांढऱ्या कोटातला माणूस हसताना बघून पुन्हा वेग घेतला.

इंजिन पुरतं निवलं नव्हतंच. सरांची दोन बोटं भाजली. पण डोळे मिटले, चाचपलं, ॲप्रनच्या खिशातच राहिलेला पाना लावला आणि जुना बाहेर, नवा आत, असं सगळं पंचवीस मिनिटांत झालं. या वेळी काढलेला सेन्सर त्यांनी सुजाताबाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी मागितला तरी देऊ नको." मानवतला जाऊन, तिथं भजी खाऊन, ते न थांबता घरी परत आले.

आठवडाभरात ही गोष्ट सगळीकडं झाली. कुसुमबाईंनी फोनवर नातेवाइकांना सांगितली, त्यात आरसा आधी आला की सेन्सर यात थोडा फरक पडत गेला, पण फजिती तेवढीच राहिली. सरांनी स्टाफरूममध्ये ती स्वतःच सांगून टाकली. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर ती आणखी वाईट झाली असती.

पुढच्या रविवारी दत्तराव भिंतीशी आले. त्यांच्या गाडीतून ब्रेक दाबला की किरकिर आवाज येत होता. "सर, तुमचा आता हात बसलाय. जरा बघता का?"

सरांनी भाजलेल्या बोटांवरच्या पट्टीकडं बघितलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "लिहून घ्या. पंडितचा नंबर देतो."